शिवणखोलीतली कादंबरी

दि. २ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र घेऊन भिंगरीच येते आहे. माझ्या या लेकीनं कादंबऱ्यांपायी ताळतंत्र सोडलंय. परवा कुणी नायिका आजारी पडली म्हणून हिनं जेवण सोडलं. गणितात मात्र गटांगळ्या! तिची आई तिला पाठीशी घालते. मी ठरवलंय, शाळा पुरे झाली. तुझ्या शिवणखोलीत तिला मशीन शिकव आणि सुट्टी संपली तरी तिथेच ठेवून घे. पुस्तक हाती लागू देऊ नकोस. दिवसभर कारखान्यात लेथवर उभं राहून पाय भरून येतात, म्हणून आवरतं घेतो. तुझा मायेचा हात आमच्यावर राहू दे.

तुझा,
भाऊ

दि. १४ मे

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

तुझी लेक खुशाल आहे, माझे हाल विचारू नकोस. मशीनवर बसवली तर तिनं बाहीला बाहीच जोडली. मग कॉलर उलटायला दिल्या, तर बाईसाहेब कापडाच्या ढिगाआड पुस्तक घेऊन बसलेल्या, डोळे सुजलेले! मी रागवायच्या आत काज-बटणवाल्या काकूंनी विचारलं, की एवढं कोण गेलं गं. हिनं सांगायला सुरुवात केली आणि झालं! सगळ्या बायका हट्टाला पेटल्या, की मोठ्यानं वाच. तेव्हापासून रोज वाचन. काय आवाज लावते रे! मशीनच्या खडखडाटातही शब्द न् शब्द कानावर येतो.

काल नायिकेचा बाप तिला घराबाहेर काढून दार लावून घेतो, ते प्रकरण होतं. सगळ्यांचे डोळे डबडबले. संध्याकाळी बघते तर काय, शाळेच्या शर्टांचे खिसे चारी बाजूंनी शिवलेले! बोट घालायला जागा नाही. ओरडू तरी कुणावर? सगळ्यात जास्त खिसे मीच बंद केले होते. आज उसवत बसलो. कुणी कुरकुर केली नाही, उलट मशीन बंद म्हणून नीट ऐकू येतंय, यावरच खूश. आम्हाला रडूबाया म्हणणारे कटिंग मास्तर कात्री हातात धरून एकाच कापडाकडे बघत होते.

शाळेचं तुझं म्हणणं मला मुळीच पटलेलं नाही. वेळेवर जेवत जा आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

दि. १९ मे

ती. ताईस सा. न.

धन्य आहे तुझी! पोरीला औषधाला पाठवलं, तर वैद्यालाच तो रोग जडला. काही झालं तरी ती परत शाळेत जाणार नाही, हे पक्कं. तिची आई माझ्याशी बोलत नाही, इकडे ती एक कादंबरी चालू आहे. राग आला तरी भाऊच आहे, पोटात घाल.

भाऊ

दि. २७ मे

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच. काल कादंबरी संपली. नायिका वणवण फिरून शेवटी घराशी येते आणि बाप एक शब्द न बोलता दार उघडतो. काकू हुंदके देत होत्या. मास्तर नाक शिंकरायला बाहेर पळाले.

तो शेवट पुन्हा वाचावा म्हणून आज मी पुस्तक उघडलं. भाऊ, त्यात शेवट नाहीच रे! जुनं पुस्तक, दार बंद झाल्यावर पुढची थोडीच पानं, बाकी सगळी फाटून गेलेली. म्हणजे गेले कितीतरी दिवस तुझी लेक मागचीच पानं उलटत मनानं रचून सांगत होती आणि आम्हा कुणाला पत्ता नाही! विचारलं तर म्हणाली, की सगळ्या एवढ्या वाट बघत होत्या, त्यांना अर्ध्यावर कसं सोडू. काकूंना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. त्यांना तोच भाग सगळ्यात खरा वाटला होता.

माझा ऊर भरून आला. आपल्या घराण्यात असं कुणी झालं नाही. मशीन चालवणाऱ्या बायका मला पुष्कळ मिळतील. हिची शाळा सोडवलीस तर तुझ्या दारात येऊन बसेन, सांगून ठेवते. लोभ मागत नाही, हक्कानं घेते.

तुझी,
ताई

दि. ३ जून

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र आत्याला नाही, तुला आहे. आत्याचं पत्र तुझ्या आईनं मोठ्यानं वाचलं. मग मी ते खिशात घालून कारखान्यात नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. फोरमनसाहेबांना दोनदा. ही माझी मुलगी, असं ज्याला त्याला सांगत सुटलो. मिरवलो म्हण ना!

पण तुझा शेवट मला पटलेला नाही. फोरमनसाहेबही माझ्याच बाजूचे आहेत. बाप नुसतं दार उघडून गप्प कसा उभा राहील? इतके दिवस आत बसून त्याच्या जिवाचं काय झालं असेल? तो काहीतरी बोलेलच. काय बोलेल याचा मी दिवसभर लेथवर विचार केला, त्या नादात एक जॉब, म्हणजे कातायला लावलेला लोखंडी तुकडा, वायाही घालवला. मला वाटतं तो म्हणेल, की बाळ, माझं चुकलं, आत ये. आणि म्हणेल, की सोमवारी शाळा उघडते, मी स्वतः तुला न्यायला येतोय.

एवढं त्यात घाल. आमच्यावर लोभ असू दे, आता तो आम्हीच तुझ्याकडे मागायचा.

तुझे,
बाबा