दारातली फुटकी लादी

रविवार, संध्याकाळ

हाताचं सिमेंट निघालं, डोकं अजून तापलेलंच आहे. दाराबाहेरच्या भिंतीवर सकाळपासून नक्षीसाठी फुटक्या लाद्यांचे तुकडे बसवत होते. मधोमध निळा, आईच्या पाडलेल्या घरातल्या ओट्याचा. तेवढ्यात मालाडहून जाऊबाई टपकल्या.

"अगं, दारात फुटकं लावतेस? अवदसा येते घरात!" असं म्हणून ओल्या सिमेंटमधून एक तुकडा उपटला आणि कचऱ्यात टाकला. नेमका निळाच! आणि मी? वर त्यांना चहा करून दिला. त्यात साखर कमी म्हणून नावं ठेवलीच.

त्या गेल्यावर निळा तुकडा शोधून, धुऊन परत बसवला. अवदसा येते म्हणे! आली, चहा पिऊन गेलीसुद्धा.