पान सरहद्दीवर राहिलं

तीर्थरूप अनाएलीदादांस,

धाकट्या बहिणीचा, एलिवाझाचा, शिकामू. तुम्ही त्यावर ‘मराहबा’ म्हणालात असं धरून पुढे लिहिते. (मोठ्यांना शिकामू घातला की मोठे जोवर मराहबा म्हणत नाहीत, तोवर धाकट्याने वाकूनच राहायचं असतं. त्या न्यायाने मी गेली तीन वर्षं वाकलेली आहे, आणि माझी कंबर आता पहिल्यासारखी राहिलेली नाही.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? तपकिरी गाय व्याली का? ओढ्याकडच्या केळींना कीड लागली होती असं कळलं, ती गेली असावी अशी आशा आहे. मी ठीक आहे. ठीक म्हणजे घोटे सुजले आहेत, पाठ धरली आहे आणि डोकं दुपारपासून जाग्यावर नाही, पण चौकशी करणाऱ्याला आपण ठीक आहे असंच सांगायचं असतं.

पत्र कशाला, फोन का नाही, असं विचाराल. फोन केला होता. सतरा वेळा केला. दर वेळी तुमच्या फोनमधली ती बाई मला सांगते की आपण ज्यांना फोन करत आहात ते उपलब्ध नाहीत. तिच्याशी माझं इतकं बोलणं झालं आहे की माहेरचं माणूस म्हणून आता मला तीच आठवते.

तुमचा निरोप मला हायकाने कळवला. शनिवारी तिचं लग्न, आत्याने हात धरून उंबऱ्याबाहेर नेल्याशिवाय आपल्याकडे मुलगी निघत नाही, आणि तुम्ही म्हणता की एलिवाझा माफीचं म्हणून इसालेचं पान घेऊन आली तरच तिने फाटकात पाऊल टाकावं. (गाठ मारलेलं ते पान पुढे धरलं की आपल्याकडे कोणाला माफी नाकारता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे म्हणूनच मागता.) पोरगी फोनवर रडत होती. “आत्या, तू नाही आलीस तर मी खोलीतून बाहेर पडणार नाही,” म्हणाली. “बाबांना सांगून दमले. ते म्हणतात, पान आण, नाहीतर चर्चमध्ये मागच्या बाकावर बस.” आता एवढं काय केलं होतं मी? तीन वर्षांपूर्वीच्या नाताळात, चर्चच्या चार थोर माणसांसमोर, तुम्ही स्वतः गाळलेल्या केळ्याच्या बियरचा पहिला घोट घेऊन मी म्हणाले की ही पिऊन माणूस झिंगायचा नाही, बुडेल. एवढंच. लोक हसले हा माझा दोष नव्हे. पण ते असो, मी भांडायला लिहीत नाही.

पानाची मला काळजी नव्हती. माझ्या लग्नात आईने आपल्या कुंपणातली इसालेची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून मला सासरी नैरोबीला पाठवली होती. बाकीच्या मुलींना भांडीकुंडी मिळाली. मला आईने फांदी दिली आणि म्हणाली, “तुझी जीभ बघता तुला ही लागत राहील.” ती मी न्हाणीघराच्या मागे लावली आणि सासूसाठी, दोन्ही जावांसाठी आणि एकदा घरमालकासाठी तिची पानं खर्ची घातली. (तरी ती वाढतेच आहे. आईला सगळं आधीच ठाऊक असायचं.) आज पहाटे तिचं सर्वांत लांब पान खुडलं, रीतीप्रमाणे गाठ मारली, ओल्या फडक्यात ठेवलं, आणि ओल लागून पेटीतली लग्नाची साडेतीन वार छीट खराब होऊ नये म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी घातली. पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून ही एक मी गादीखाली जपून ठेवली होती. चांगली जाड होती. माणसाच्या हातून चूक होते ती अशी, चांगल्या वस्तूचा मोह पडून.

बस सहाला सुटायची ती आठला सुटली. चालक बकारी याचं म्हणणं असं की बस वेळेवरच सुटते, वेळच उशिरा येते. मला दाराजवळची घडीची सीट मिळाली. कोणाला उतरायचं असेल की मी उठायचं, सीट घडी करायची, बाहेर पडायचं, त्याला जाऊ द्यायचं, पुन्हा आत यायचं. एका गृहस्थांना मधुमेह होता, त्यामुळे नैरोबी ते सरहद्द मी बरीचशी उभ्यानेच केली. शेजारी एक पाद्रीबुवा होते. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून त्यांनी अर्धा तास प्रार्थना केली, आणि त्यात इंजिन, चारही चाकं आणि बकारीचे डोळे यांची वेगवेगळी नावं घेतली. डोळ्यांचं ऐकल्यापासून मला झोप लागली नाही.

सरहद्दीवर उतरलो. दादा, माझ्या सासर-माहेराच्या मध्ये दोन देशांचे शिक्के आहेत हे मला छत्तीस वर्षं ठाऊक आहे, पण दर वेळी तिथे पोचले की मी नव्या नवरीसारखी गोंधळते. एका देशातून बाहेर पडायचं आणि दुसऱ्यात शिरायचं, दोन्ही एकाच दालनात. मी पाऊण तास ज्या रांगेत उभी होते ती उलट दिशेने नैरोबीला जाणाऱ्यांची होती. (मी पुढच्या बाईशी आपल्या हायकाच्या लग्नाबद्दल इतकं बोलले होते की तिनेही मला मधे अडवलं नाही.) बरोबर रांगेत गेले तर पिवळ्या तापाचं कार्ड मागितलं. कार्ड बायबलात, बायबल पेटीत, पेटी बसच्या टपावर, तिच्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर बकारीने स्वतः मारलेल्या गाठी. “बाई, हे कार्ड लोक खिशात ठेवतात,” असं तो वरून म्हणाला. “देवाच्या हातात सुरक्षित राहील म्हणून ठेवलं,” मी म्हणाले. “मग देवालाच वर चढवायचं होतं,” तो म्हणाला. तोंडाला तोंड देणारे लोक मला मुळीच आवडत नाहीत.

पेटी खाली आली, सगळ्यांदेखत उघडली, बायबल निघालं, कार्ड निघालं आणि त्यांच्याबरोबर पिशवीही निघाली. पिशवी जप्त. ते मी मान खाली घालून सोसलं. पण पिशवीतून फडकं निघालं आणि फडक्यातून पान, तेव्हा मला रोपं आणि बियाणं तपासणाऱ्यांच्या टेबलाकडे पाठवलं. तिथे एक तरुण अधिकारी बसला होता, इस्त्रीचा शर्ट, छातीवर नावाची पट्टी. चष्मा पेटीत राहिल्यामुळे ती पट्टी मी वाचली नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्याने पान उलटसुलट पाहिलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला की रोगमुक्त असल्याचा दाखला नसेल तर झाडाचा कोणताही भाग पलीकडे नेता येत नाही. मी म्हटलं, हे झाड पलीकडूनच आलेलं आहे, ते फक्त घरी चाललं आहे. तो म्हणाला, झाडांना घर नसतं, दाखला असतो. मी म्हटलं, पलीकडे याची कुंपणंच्या कुंपणं आहेत. तो म्हणाला, मग इथून कशाला नेता? बाहेर बकारी भोंगा वाजवत होता. पाद्रीबुवा खिडकीतून माझ्या नावाने प्रार्थना करत होते. मी हायकाचं सांगितलं, उंबऱ्याचं सांगितलं, तुमच्या हट्टाचं सांगितलं, आणि तो आपला दाखला, दाखला करत राहिला.

तेव्हा मी तोंड फिरवलं आणि आपल्या डोंगरी बोलीत, म्हणजे त्या दालनात कोणाला कळणार नाही अशा बेताने, पण जरा मोठ्यानेच म्हणाले, “याच्या आईने याला दुधाऐवजी केळीच्या साली चारलेल्या दिसतात.”

त्याने पेन खाली ठेवलं. “आत्या,” तो आपल्याच बोलीत म्हणाला, आपल्याच डोंगराच्या रोंबोकडच्या अंगाचा हेल, “मला काय म्हणायचं ते म्हणा. आईला मधे आणायला नको होतं. तिला जाऊन चार महिने झाले.”

छातीवरच्या पट्टीवर तारिमो लिहिलेलं होतं, आपल्याच डोंगरावरचं आडनाव. ते मी आता, वाकून, वाचलं.

दादा, मला फार लाज वाटली. तुमच्या बियरच्या वेळी वाटली नव्हती, खरं सांगते, तेव्हा लोक हसले होते. इथे कोणी हसलं नाही. तो पोरगा रागावलाही नाही, नुसता टेबलाकडे बघत बसला, आणि टेबलावर आम्हा दोघांच्या मधे ते गाठ मारलेलं पान पडलेलं होतं. अशा वेळी काय करायचं असतं ते मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं, आणि दोघांनाही एकमेकांना ते माहीत आहे हे कळत होतं. हायका डोळ्यांपुढे आली. तुम्ही फाटकात उभे दिसलात. मी मनात बराच वेळ घासाघीस केली, दुसरं काही देता येईल का, छीट, बायबल, माझी भाकरी. मग पान उचललं, दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं आणि तुझ्या आईची माफी मागते म्हणाले.

त्याने उभं राहून ते दोन्ही हातांनी घेतलं. “झालं, आत्या,” म्हणाला, “संपलं.” त्याचे डोळे भरले होते. आणि मग लगेच, नोकरी ती नोकरी, म्हणाला की पान आता इथेच राहिल्यामुळे दाखल्याची अडचणही मिटली, तुम्ही जाऊ शकता.

बसमध्ये सगळे माझ्यावर चिडलेले. मला सोडून निघावं असं बहुमत झालं होतं म्हणे. पाद्रीबुवांचंही मत तेच होतं, फक्त त्यांनी ते डोळे मिटून दिलं होतं. बकारी मात्र थांबला. “शिवी दिलीत ना? तोंडावरूनच कळतंय,” एवढंच म्हणाला आणि डोंगराच्या पायथ्याचं मोशी येईपर्यंत पुन्हा बोलला नाही, तेच बरं झालं.

मोशीहून वर चढताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इसालेच इसाले. हात खिडकीबाहेर काढला असता तर मूठभर आली असती. वाटेत गाडी बदलली तेव्हा एका कुंपणाशी उभ्या असलेल्या बाईकडे एक पान मागितलंही. ती म्हणाली, “अहो, हा आमचा बांध आहे. आमच्या आजोबांच्या बांधाचं पान तुमच्या भांडणात कशाला?” मला तिचं पटलं. चोरलेल्या पानाने माफी मागितली तर ती त्या चोरीचीच होईल. तेव्हा तीर्थरूप दादा, तुम्ही सांगितलेली वस्तू मी घेऊन निघाले होते, ती माझ्या जिभेपायी वाटेत खर्ची पडली, आणि माझ्या हाती काही नाही. वहिनींना नमस्कार. लहानमोठ्यांना जे ज्याला शोभेल ते.

तुमची बहीण
एलिवाझा

ता.क. पत्रावरचा मातीचा डाग आपल्याकडचाच आहे, नैरोबीची माती इतकी लाल नसते. मी तुमच्या फाटकासमोरच्या साबणाच्या दुकानात पेटीवर बसले आहे, चारपासून. वही इथेच विकत घेतली. तुम्ही मघाशी दोनदा ओट्यावर आलात, रस्त्याकडे बघून आत गेलात. गुडघा दुखतोच आहे, लंगडता.

ता.क. दुकानाची मालकीण हे पत्र घेऊन येईल. तिला सहाला दुकान बंद करायचं आहे, तेव्हा लवकर वाचा. फाटकाच्या डाव्या बाजूला जी जुनी इसाले आहे, तिचीच फांदी आईने मला दिली होती. तिचं एक पान दादा, तूच खुड. मला तोडता येणार नाही, बांध तुझा आहे. मालकिणीच्या हाती बाहेर पाठव. गाठ मी मारते, आणि तुझं पान तुलाच घेऊन आत येते. हायकाला सांग, आत्या आली.

ता.क. बियर पाणचटच होती. यंदा केळी जरा जास्त घाल.