झाडलोट, रंगरंगोटी, पायाभरणी

ती. मावशीस,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तरी वाकूनच). मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तुला समोरच्या इमारतीतल्या सगळ्या गॅलऱ्या स्पष्ट दिसायला लागल्यात, असं काकांनी फोनवर फार हताश आवाजात सांगितलं. म्हणजे प्रकृती उत्तम आहे असं समजते. काकांचा खोकला कसा आहे? इकडे आम्ही मजेत. तुझं पत्र पोचलं. तू चालवतेस त्या वृद्धाश्रमातले कर्मचारी एकेक करून सोडून चाललेत, देणगीदार फोन उचलत नाहीत, वरचा मजला बंद करायची वेळ आली आहे. तेव्हा 'तू हल्ली हेच काम करतेस ना, एक दिवस येऊन जरा बघून जा, घरचीच तर आहेस' असं तू लिहिलंस. आश्रमाचं वाचून जीव कासावीस झाला आणि 'घरचीच तर आहेस' वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. उत्तर देतेच, पण आधी माझा धंदा काय आहे तो समजून घे, कारण घरात तो कुणालाच कळलेला नाही. (आई अजून सगळ्यांना सांगते की मी 'संस्थांमध्ये जाते'. कशासाठी ते सांगत नाही. शेजारच्या काकूंना वाटतं मला कुठेतरी भरती केलंय.)

तर मी हिशेबखात्याच्या प्रमुखपदाची भरल्या ताटासारखी नोकरी सोडून सेवाभावी संस्थांची व्यवस्थापन सल्लागार झाले. ह्यांना म्हटलं, एक वर्ष द्या. नाही जमलं तर मुकाट्याने जुन्या ऑफिसात परत जाईन. (माझी खुर्ची तिथे अजून रिकामी आहे. साहेब भाजीबाजारात भेटले की तिची खुशाली सांगतात.) उत्साहाच्या भरात जाहीर करून बसले की पहिली भेट मोफत. पहिलीच संस्था भटक्या जनावरांच्या दवाखान्याची. आत पाऊल टाकलं आणि मला सगळं दिसलंच गं! औषधं तिघं जण वेगवेगळी मागवतायत, देणगीच्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात, फोन घ्यायला कुणी नाही. मी सुटलेच. काय करायचं, कुणी करायचं, कधी करायचं, सगळं एका दमात सांगून टाकलं. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी अक्षरन् अक्षर उतरवून घेतलं, मला मिठी मारली आणि म्हणाल्या की आता तुमची काही गरजच उरली नाही. दुसरी संस्था चाकाच्या खुर्च्या आणि वॉकर उसने देणारी. तिथले लोक माझं बोलणं ऐकून इतके भारावले की जागच्या जागी हात वर करून मला एकमताने कार्यकारिणीवर घेतलं. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मग कळलं की सदस्याला फी घेता येत नाही. उलट वर्गणी भरावी लागते. भरली.

घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू? तेव्हा आमचे दंतवैद्य (म्हणजे हेच) पहिल्यांदा उपयोगी पडले. म्हणाले, माझ्या भिंतीवर दरपत्रक आहे, म्हणून कुणी येऊन 'जरा एक दाढ काढून ठेवा, घरचेच आहात' म्हणत नाही. झालं! जेवणाच्या टेबलावरची ताटं सरकवून आम्ही माझं दरपत्रक करायला बसलो. तीन योजना ठरवल्या. 'झाडलोट' म्हणजे हिशेब, पावत्या, कागदपत्रं जागच्या जागी लावून देणे. 'रंगरंगोटी' म्हणजे झाडलोट, शिवाय कामांची वाटणी आणि देणगीदारांना तोंड दाखवता येईल असा अहवाल. आणि 'पायाभरणी' म्हणजे हे सगळं, शिवाय संस्था मुळात कुठे अडली आहे ते शोधून, ज्याच्यामुळे अडली आहे त्याला तोंडावर सांगणे. नावं माझी हो, आणि मला त्यांचा फार अभिमान आहे! किमतींवर मात्र घोडं अडलं. मी आकडा लिहायची, मग लाज वाटून खोडायची आणि कमी करायची. समोर गिऱ्हाईक नसताना एकटीच घासाघीस! शेवटी ह्यांनी पेन काढून घेतलं आणि एकच मंत्र दिला: किंमत सांगायची आणि तोंड मिटायचं. (बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी हा सल्ला पुष्कळदा दिलाय, पण धंद्यासाठी पहिल्यांदाच.)

मग आली दृष्टिहीनांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणारी संस्था. लांबलचक टेबल, पंखा कुरकुरतोय, भोवती सगळी समिती. मी पायाभरणीचा आकडा सांगितला आणि तोंड मिटलं. मावशी, तू मला लहानपणापासून ओळखतेस. काय यातना झाल्या असतील कल्पना कर. 'पण आपण कमी करू शकतो' हे वाक्य अगदी दातांपर्यंत आलं होतं. खजिनदार म्हणाले, जरा जास्त नाही का? मी गप्प. चिटणीस म्हणाल्या, झाडलोटीत नाही का भागणार? मी गप्प. ती शांतता त्यांनाच सोसेना, मग ते आपापसातच बोलायला लागले, आणि गेली कित्येक वर्षं जे कुणी बोललं नव्हतं ते सगळं बाहेर आलं. सगळं बोलून झाल्यावर खजिनदारांनीच निमूटपणे चेकबुक काढलं.

दुखणं साधं होतं. अध्यक्ष जुने निवेदक, आवाज काय सांगू, नुसतं 'या' म्हणाले तरी बसावंसं वाटतं. प्रत्येक पुस्तक बाहेर जाण्याआधी आपण पूर्ण ऐकणारच, हा त्यांचा नियम. ऐकायला बसत दुपारी जेवल्यावर. पहिल्या प्रकरणातच डोळा लागायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. पुस्तक मागवणारे महिनोन्महिने ताटकळत. मी त्यांना तोंडावर सांगितलं की हे काम सोडा आणि ध्वनिमुद्रणाला येणाऱ्या नव्या मंडळींना वाचायला शिकवा. ते खवळले. म्हणाले, हे बोलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? म्हटलं, तुम्हीच, फी भरून. त्यावर मात्र हसले. आता तिथे शिकवतात आणि जागे असतात. पुस्तकं आठवड्यात पोचतात. परवा एका आजोबांनी फोन करून सांगितलं की मागवलेलं पुस्तक अजून हवं असतानाच हातात आलं. मी फोन ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, शाब्बास गं बाई! जुन्या साहेबांनाही कळवून टाकलंय की ती खुर्ची आता दुसऱ्या कुणाला द्या.

काकांना नमस्कार. पत्राचं उत्तर लवकर दे.

तुझी लाडकी (अजून असेन तर) भाची

ता. क. तुमच्या आश्रमासाठी पायाभरणीच लागेल, झाडलोटीने भागणार नाही. दरपत्रक सोबत जोडलंय. घरच्यांना सूट नाही.

ता. क. २. रागावून कागद भिरकावण्याआधी एवढं ऐक. सोडून गेलेल्या तुमच्या दोन परिचारिका मला भेटल्या. आश्रम कुठे अडलाय ते मला कळलंय, आणि मला वाटतं तुलाही कळलंय. मी फुकट आले तर तुझी भाची म्हणून येईन. तू जेवायला वाढशील, मी सगळं छान आहे म्हणेन आणि वरचा मजला बंद पडेल. जिने तो आश्रम स्वतःच्या हातांनी उभा केला, तिला 'आता तू अध्यक्षपद सोड' असं भाचीला नाही गं सांगता येणार. सल्लागाराला सांगता येईल. म्हणून पाया पडते, मावशी, फी पूर्ण दे. आणि चेकवर सही करताना हात थरथरू देऊ नकोस, बँक परत पाठवते.