सात नंबरच्या मागावरच्या चाळीस चादरी

४ मार्च १९७४, सोमवार
सकाळी सोलापूरला उतरले आणि दहाला कामावर रुजू झाले. भवानी पेठेतला चादरींचा कारखाना, चोवीस माग, मागच्या अंगाला रंगखाते, शेजारी माझी प्रयोगशाळा : एक टेबल, एक तराजू, तीन थर्मामीटर, एक लोखंडी कपाट. खिडकीतून कडुलिंब दिसतो. डिप्लोमानंतर पहिल्यांदाच स्वतःची किल्ली हातात आली. मालक शिवलिंगप्पा अण्णा म्हणाले, आधीचा माणूस रंग जिभेवर ठेवून सांगायचा, तुम्ही निदान काचेतून बघता, लई बरं झालं. मला इथे आवडेल असे वाटते.

ऑर्डर मोठी आहे. युरोपातला एक लहान देश, कोणत्याच गटात नसलेला. त्याची एक तुकडी शांतिसेनेत परदेशी जायची आहे. सहाशे जवान, सहाशे निळ्या चादरी. देशाचे नाव बाहेर सांगायचे नाही अशी करारात अट आहे, म्हणून इथेही लिहीत नाही. प्रत्येक चादरीवर एकेका जवानाच्या नावाची पट्टी शिवायची. काठाचा तळहाताएवढा तुकडा कापून, त्यालाही तेच नाव लावून, माझ्या कपाटात ठेवायचा. पुढे रंगाची तक्रार आली तर पुरावा हवा.

११ मार्च
त्यांचा अधिकारी तपासणीसाठी आला. लेफ्टनंट माटियास, वय सव्वीस. उन्हाने कान लाल झालेले. प्रत्येक चादर माझ्याआधी स्वतः मोजतो आणि माझे माप बरोबर निघाले की मान डोलावतो. दुपारी अण्णांनी त्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली. डोळ्यांत पाणी आले तरी ताट पुसून खाल्ले. मागांवर काम करणाऱ्या कमलम्माने विचारले, एवढ्या तिखटाने रडतो तो लढायला काय जाणार? मी भाषांतर करून सांगितले. तो म्हणाला, आम्ही लढायला जात नाही, दोन सैन्यांच्या मध्ये उभे राहायला जातो. त्याच्या देशाने दीडशे वर्षांत युद्ध पाहिलेले नाही. त्यामुळे मुलगा निघताना सामानात काय काय बांधायचे असते, हे त्याच्या आईला ठाऊकच नाही.

मी पुढची चादर मापायला घेतली.

१२ मार्च
मुदत कमी पडते आहे. सात नंबरचा माग एरवी रिकामा असतो. त्यावर फक्त कफनाचे पांढरे कापड विणतात. जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोके अजून त्यात लोंबत आहेत. नवा ताणा त्या टोकांना सांधला तर माग अर्ध्या दिवसात सुरू होतो. सगळी टोके उपसून नव्याने ओवायची तर दोन दिवस जातात. इतर सर्व मागांवर सांधतातच.

सांधणीचे काम कमलम्माकडे आहे. वय साठ, बोटे माझ्यापेक्षा चपळ. ती म्हणाली, बाई, मढ्याच्या धाग्याला जित्याचा धागा जोडू नये की. मी कारण विचारले. ती हसली. कारणं तुमच्या पुस्तकात, आमच्यात नुसती रीत. अण्णांनी निर्णय माझ्यावर सोडला. मी सांधायला सांगितले आणि कागदावर सही केली. कमलम्माने सांधले, पण दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

२० मार्च
सातवर चाळीस चादरी निघाल्या, नमुना क्रमांक एक ते चाळीस त्यांचेच. वीण घट्ट, रंग पक्का, चोवीस मागांत सर्वांत उत्तम. माटियास आज गेला. आपल्या नावाची पट्टी त्यांतल्याच एका चादरीवर शिवून घेतली. पट्टी मी स्वतः शिवली, नमुना क्रमांक एकतीस. पत्र लिहीन म्हणाला. मी म्हणाले, कामाचे असेल तर लिहा.

८ एप्रिल
सर्व माल मुंबईहून विमानाने गेला. तुकडीचा सराव सुरू आहे. मेअखेर ते निघतील.

२२ एप्रिल
दुपारी दोनला खोलीचे तापमान ४०.५. कपाटातले नमुने तपासले. पाचशे साठ तुकडे ४०.५. सातच्या मागाचे चाळीस तुकडे ३६.८.

तिन्ही थर्मामीटर बदलून पाहिले. जागा बदलली. दोन तास उन्हात ठेवले. ३६.८. या उन्हाळ्यात ते हाताला गार लागतात. कारण सापडत नाही.

२९ एप्रिल
बारा नंबरचा तुकडा कालपर्यंत ३६.८ होता. आज ४१, खोलीइतकाच. आता तो नुसते कापड आहे.

६ मे
माटियासचे पत्र आले. चादर छावणीत सर्वांत उबदार आहे, ती मिळवायला लोक त्याला दोन दोन पाळ्यांचा पहारा देऊ करतात. खाली कामाचे : नमुना बारा, हे नाव यादीतून काढावे. सरावात जीप उलटली. अठ्ठावीस एप्रिल. वय एकोणीस.

मी वही उघडून तारीख पुन्हा पाहिली.

८ मे
सत्तावीस नंबर. ४१.५. एकतीस नंबर, म्हणजे माटियासचा, दिवसातून दहा वेळा मोजते. ३६.८. एकदा ३७.२ झाला तेव्हा मी खुर्ची सोडली नाही, उतरेपर्यंत.

मी सही केली होती. दीड दिवस वाचवला.

१० मे
अण्णांना सांगितले. म्हणाले, ऊन लागलंय तुम्हाला, गावी जाऊन या. मी माटियासला तार केली. खरे लिहिले असते तर कोणी मानले नसते. नियमातली भाषा वापरली : सातच्या मागाच्या रंगात विषारी दोष, चादरी वापरातून काढा, नष्ट करा. आयुष्यातला पहिला खोटा अहवाल. रात्री झोप लागली.

१५ मे
त्याची तार. सर्व चाळीस जमा केल्या. शुक्रवारी सकाळी दहाला जाळणार, आपले दुपारचे अडीच. नियमाप्रमाणे एकेक, नाव वाचून, नोंद करून. देखरेख तो स्वतः करणार. त्याची शेवटी. तुमच्या अचूकपणाबद्दल आभारी आहे.

कमलम्माला सांगायला गेले. मला वाटले होते, मार्चपासून अबोला धरलेली ती आता बोलेल माझ्याशी. तिने दोन्ही हात डोक्यावर मारले. आगं पोरी, जाळायचं न्हाय! सांधलेलं उसवायचं, धागा न् धागा मोकळा करायचा, मग सुटतात. जाळलं तर आत हाय त्यो जीव बी जळतो. आधी का न्हाय इचारलंस मला?

आधी का विचारले नाही.

१६ मे
तीन तारा. थांबवा. जाळू नका. उसवा. उत्तर नाही. टपाल कचेरीत म्हणतात, मुंबईची लाईन बंद. उद्या.

कमलम्माला विचारले, इथला तुकडा उसवला तर? म्हणाली, ठाऊक न्हाय. कुणी केलं न्हाय असं कधी.

१७ मे, शुक्रवार
१.५० — लाईन नाही. परत आले. कमलम्मा येऊन बसली आहे. खोली ४२. अडतीस तुकडे ३६.८.

२.३१ — एक नंबर. ४४. ६१. हातात धरवत नाही.

२.३४ — दोन.

२.३६ — तीन. हा स्वयंपाकी होता. नावापुढे लिहिले आहे.

एकतीस उसवते आहे. सत्तर आडवे धागे. सुईने. घाई केली तर धागा तुटतो — तुटता कामा नये, कमलम्मा म्हणते — ती चार नंबर उसवत होती. तिने हात झटकला. बोटे पोळली. पाच नंबर घेतला आहे.

२.५५ — बाविसावा धागा. एकतीस ३६.८. कपाटातून धूर नाही. नुसती धग.

३.१५ — तो नावे वाचतो आहे. एकेक. नीट. मी असते तर तशीच —

३.३२ — एक्कावन्नावा. छत्तीस नंबर गेला. सदतीस —

३.४० — एकोणसाठ. माटियास, माझे ऐका, मी खोटे लिहिले, रंगात काही —

साठ. कमलम्मा रडते आहे. बाकीचे सगळे गेले. एकतीस ३६.८. अजून दहा. नऊ —

३७.५. आता त्याचीच चादर आगीत.

३९. आठ. सात — सुटतोय, कमलम्मा, हा बघ सुट —