मूळ कथेत नसलेली चिठ्ठी

९ ऑगस्ट

प्रिय मुंगी,

अनेक आशीर्वाद. तुझ्या वसतिगृहातल्या मुली तुला फार पळवत नसतील अशी आशा आहे. माझं ठीक चाललंय. डोळ्यांचं म्हणशील तर उजवा कामातून गेलाच आहे, डावा मनात आलं तर दाखवतो. हे पत्र मी सांगतोय आणि मुद्रितशोधक बाई लिहून घेताहेत. अक्षर तुझ्याइतकं देखणं नाही, हे मी आत्ता म्हणालो ते त्यांनी लिहिलं की गाळलं, देव जाणे. (लिहिलं आहे.)

पत्राचं कारण आपलं गाईड. 'अमेरिकन लघुकथा: आशय, वातावरण आणि प्रतीकं' याची दहावी आवृत्ती निघते आहे. एकवीस वर्षांत अभ्यासक्रम बदललेला नाही. समिती झोपली आहे तोवर आपलं बरं चाललंय. या खेपेस प्रकाशकांनी मुद्दाम या बाईंना पाठवलं. वय साठीच्या पुढे, चष्मा जाड आणि खोड अशी की मूळ पुस्तक शेजारी उघडं ठेवल्याशिवाय एक ओळ तपासायची नाही.

त्या कुंपणाच्या कथेपाशी अडल्या. आठवते ना? बर्फाळ माळावर एकटं घर, त्यात भाऊ आणि बहीण. भाऊ हिवाळाभर कुंपण घालत राहतो, बहीण खिडकीतून खांब मोजते. बस, तेवढीच कथा. आपल्या उत्तरात मात्र मधे एक प्रसंग आहे. बर्फ तुडवत टपालवाला येतो. बहिणीच्या नावाची चिठ्ठी भाऊ घेतो, फोडतो, वाचतो आणि शेगडीत टाकतो. बहीण विचारते, कुणाची होती? तो म्हणतो, "काही नाही, बियाण्यांची यादी."

बाई म्हणाल्या, "सर, ही चिठ्ठी पुस्तकात कुठे आहे तेवढं दाखवा."

मी म्हणालो, "असेल बघा, चौथ्या-पाचव्या पानावर."

"मी तीनदा वाचलंय. कथेत टपालवालाच नाही, तर चिठ्ठी कोण आणणार?"

गंमत अशी की 'जळालेल्या चिठ्ठीचे प्रतीक स्पष्ट करा' हा प्रश्न परीक्षेत चार वेळा येऊन गेला आहे. प्रश्न काढणारे आपलं गाईड वाचतात, उत्तर लिहिणारे तेच वाचतात, तपासणारेही तेच. मूळ कथा वाचायला सवड आहे कुणाला? सगळ्यांनी मिळून अळीमिळी गुपचिळी.

गाईड लिहिलं तेव्हा माझे डोळे दुखायचे म्हणून कथा तू वाचून दाखवायचीस, उत्तरं मी सांगायचो, तू लिहून घ्यायचीस. म्हणून तुलाच विचारतो. दुसऱ्या एखाद्या कथेतलं पान मिसळलं असेल का? आठवून कळव. काम अडलंय.

तुझा दादा


२७ ऑगस्ट

प्रिय मुंगी,

तुझं कार्ड मिळालं. "पुस्तकात नव्हतंच. काढून टाक." बाईंनी वाचून दाखवलं. मी पुन्हा वाचायला लावलं, त्यांनी पुन्हा वाचलं. मग त्या बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

हे पत्र माझं मीच लिहितोय. भर दुपारी खिडकीशी बसलोय, जाड टोकाचं पेन घेतलंय, तरी ओळी एकमेकींच्या अंगावर जातात. अक्षर लावून घे. बाईंना सांगून लिहून घेण्यासारखं हे नाही.

गेले काही दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो की तू वाचून वाचून कंटाळली असशील, मनचं काहीतरी घातलं असशील. खोटं आहे. तू वाचत होतीस तेव्हाच माझ्या छातीत धस्स झालं होतं. फक्त मला वाटलं, कुठल्या कुठे बसलेल्या त्या लेखकाने नेमकं माझंच कसं पकडलं! छापलेलं आहे म्हणजे योगायोग, एवढ्यावर माझा जीव भांड्यात पडला. ते तू रचलेलं असेल हे डोक्यातही आलं नाही. आयुष्यभर पोराटोरांना प्रतीकं समजावली, आणि हातभर अंतरावर बसलेली बहीण काय सांगते आहे ते कळलं नाही.

त्याआधी आठ दिवस वाचनालयाच्या ग्रंथपालाची चिठ्ठी आली होती, तुझ्या नावाची. मी फोडली आणि वाचली. मग फाडून केराच्या डब्यात टाकली, वरून चहाचा चोथा पसरला. तू विचारलंस तेव्हा म्हणालो, "काही नाही, नव्या पुस्तकांची यादी." घरातला केर रोज तूच काढायचीस, हे मला सुचलं नाही. एवढा मी शहाणा. तुकडे तुला सापडले असणार, शाई पसरलेली, अक्षर ओळखण्यापुरतं उरलेलं.

मग तू डब्याची शेगडी केलीस, पुस्तकांच्या यादीची बियाण्यांची यादी केलीस आणि मला वाचून दाखवलंस. आवाज जराही हलला नाही तुझा. मी घसा साफ केला आणि सांगू लागलो: घे, चिठ्ठी हे बाहेरच्या जगाच्या मोहाचं प्रतीक, शेगडी हे घरातल्या उबेचं प्रतीक, भाऊ हा दोषी नसून परिस्थितीचा बळी. तुझं पेन थांबलं. तू विचारलंस, "दादा, असंच लिहू?" मी म्हणालो, "असंच लिही. पुढे." आणि तू लिहिलंस, समास सोडून, वळणदार अक्षरात.

तो प्रश्न तू मला विचारला होतास. अजून वेळ गेलेली नव्हती. मी खरं बोललो असतो तर सगळं सावरलं असतं.

का बोललो नाही तेही सांगतो, दहा मार्कांसाठी सजवतात तसं न सजवता. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की हे नुसतं डोळे दुखणं नाही, नजर हळूहळू जाणार. तुला ते मी दोन महिन्यांनी सांगितलं. तू गेलीस तर मला वाचून कोण दाखवणार, एवढाच विचार तेव्हा होता. तुझं भलं, घराची अब्रू, असलं काहीही मनात नव्हतं. मी आपमतलबीपणा केला. तुझं वय तेव्हा एकतीस होतं.

दोन वर्षांपूर्वी वसतिगृहातली ती नोकरी धरून तू निघालीस, तेव्हा मी लोकांना सांगत फिरलो की पन्नाशीत हिच्या पायाला भिंगरी लागली. तू कारण सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. उत्तर काय येईल याची भीती होती.

परिच्छेद गाईडमधून काढला आहे. मुलांना यापुढे बर्फ आणि कुंपण यांवरच भागवावं लागेल. बाई खूश आहेत.

आता एकच राहिलं. त्या चिठ्ठीत काय होतं हे तुला कधीच कळलं नाही. ग्रंथपाल पुढे एक शब्द बोलला नाही, बदली होऊन गेला, त्यावरून तू समजली असशील की तसं काही नसेलच. पण होतं, मुंगे. मी ती एकदाच वाचली, पण विसरायचं म्हटलं तरी विसरलो नाही. ती अशी होती:

"तुम्ही पुस्तक परत करताना दुसऱ्यांनी दुमडलेली पानं सरळ करून देता. वर्षभर पाहतो आहे. मला तुमच्याशी लग्न करायचं आहे. माझी बदली आली आहे. तुम्ही हो म्हणालात तर ती रद्द करून घेईन. महिनाअखेरपर्यंत वाट बघतो. उत्तर आलं नाही तर नाही असं समजेन आणि पुन्हा तुम्हाला त्रास देणार नाही."

खाली सही होती. सहीच्या वर 'तुमचा' असं लिहून खोडलेलं होतं, पण वाचता येत होतं.

चिठ्ठी तुझी होती. एकवीस वर्षांनी तुझ्या हाती देतोय. माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

तुझी चिठ्ठी फोडणारा,
दादा