पाणी आलं, थांबा

२२ एप्रिल २०२५
उघडं पाडलं टँकरचा ठेका घेतलेल्या गुत्तेदाराला! टँकरच्या जीपीएसचा पासवर्ड काय ठेवावा माणसानं — टँकर१२३! कागदावर गावाला रोज सहा खेपा, गाडी दिवसभर धारूरच्या घाटात उभी. सगळे नकाशे नेटवर टाकले.

आम्ही एकेचाळीस जण, सगळे गावातलेच, पण कोण कोण ते कुणालाच ठाऊक नाही. ग्रुपला पुढारी नाही. ज्याला सुचेल त्यानं करायचं, पटलं नाही त्यानं अडवायचं, नाव विचारायचं नाही. मी तिथं 'घागर'. ई-सेवा केंद्रवाली आम्रपाली म्हणून कळले तर केंद्राला कुलूप अन् मी पोलीस ठाण्यात. कळू दे तर खरं!

२६ एप्रिल
नवा एक घुसलाय — 'कावळा'. "आपला मेन मानूस कोन हाय?" पाचव्यांदा विचारलं. अरे, असता तर एव्हाना उचलून नेला नसता का! गुत्तेदाराचाच माणूस हा. काढावा म्हटलं तर काढणार कोण? पुढारी नाही ना आमच्याकडं.

२९ एप्रिल
माती खाल्ली मी. ग्रामसभेत काय मांडायचं ते ग्रुपवर ठरत होतं, अन् मी लिहून बसले — पाणी आलं, थांबा. हंडे भरून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. गावच्या नळांचे व्हॉल सोडणारे रामहरीमामा एका वेळी एकाच गल्लीला पाणी देतात. आज सव्वादहाला आमची पाळी. अन् नकाशे काढायला लागतो तो कॉम्प्युटर गल्लीत फक्त माझ्याकडं!

कावळा तेव्हापासून गप्प आहे.

३० एप्रिल
पळणार नाही. नकाशांच्या पन्नास प्रती काढल्या, रात्री पारावर ठेवून आले.

१ मे
ग्रामसभा. प्रती आधीच घरोघरी गेलेल्या — कुणी वाटल्या, माहीत नाही. गुत्तेदार लालबुंद. भर सभेत रामहरीमामांना उभं केलं. "मंगळवारी सव्वादहाला पानी कुठल्या गल्लीला व्हतं?"

मामा म्हणाले, "समद्याच गल्ल्यांना. व्हॉल उघडे राहिलते चुकून."

धडधडीत खोटं! तेवढ्यात वरच्या गल्लीची छबुबाई उठली. आठ दिवसांत थेंब नाही तिच्याकडं. "व्हय, आमच्याकडं बी आलतं. लई जोरात!" मग एकेक बाई उठत गेली. मी पण उठले.

२ मे
रामहरीमामा केंद्रावर आले. मोबाइल पुढं केला. आमचा ग्रुप उघडा, नाव — 'कावळा'.

"गुत्तेदारानंच घातलतं मला. रोज माझा मोबाइल घिऊन वाचतो त्यो. ह्यातून भायेर कसं पडायचं, पोरी?"

म्हटलं, कशाला पडता मामा? राहा. त्यानं काय वाचायचं ते आता आपण ठरवू.