मैना मोठी झाली त्याची हकिकत

फ्रीगंज, उज्जैन
२५ नोव्हेंबर १९५६

ती. सौ. अक्कास,
धाकट्या अनसूचा नमस्कार.

धारला थंडी चांगलीच पडली असेल. भावजींना खोकल्याचं औषध चालू ठेवायला सांग. इथं सगळे मजेत. मध्यभारत गेला, मध्यप्रदेश आला, आणि ह्यांच्या कचेरीतले निम्मे लोक सामान बांधून भोपाळला चालले. ह्यांना सध्या तरी इथंच ठेवलंय. सासूबाईंना त्याचाच आनंद. म्हणतात, क्षिप्रा सोडून तळ्याकाठी कोण जाऊन राहील!

पत्राला उशीर झाला तो मैनेमुळे. होळीच्या सुमाराला आमच्या जयूनं राम घाटावरून कुत्रीचं पिल्लू उचलून आणलं, तीच ही मैना. दसऱ्याच्या आसपास जयू शाळेतून आली तर ओसरीवर रक्ताचे थेंब, आणि मैना कोपऱ्यात अंग चाटत बसलेली. कुणीतरी दगड मारला असं वाटून जयू रडत रडत हळद घेऊन धावली. तेवढ्यात दूधवाला आला. त्यानं मैनेकडे बघितलं आणि मान खाली घालून मला म्हणाला, "बाईजी, इसे बाँध के रखो. गरमी में आई है."

गरमीत म्हणजे काय, असं जयूनं लगेच विचारलं. मी तिला पाणी आणायला पिटाळलं. पाणी आलं, त्याच्यासोबत प्रश्नही परत आला.

दुसऱ्या दिवसापासून मोहल्ल्यातले झाडून सगळे कुत्रे आमच्या फाटकाशी. स्टेशनकडचा काळा, हलवायाचा लंगडा, कुठून कुठून आलेले. ह्यांना सायकल बाहेर काढणं मुश्किल. आणि गंमत बघ, ज्या सासूबाई मैनेची सावली अंगावर पडू देत नव्हत्या, त्याच अंगणात खाट टाकून एका हातात जपमाळ नि एका हातात काठी घेऊन बसायला लागल्या. कुत्रा आत डोकावला की काठी आपटून म्हणायच्या, "हटो! पोर आहे अजून ती." ह्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांनीही तेच सांगितलं. पहिल्यांदाच माजावर आली आहे, तिचीच वाढ पुरी व्हायची आहे, एवढ्यात पिल्लं नकोत, तीनेक आठवडे सांभाळा.

मग एका दुपारी मैनेचं अंथरायचं पोतं धुता धुता मी जयूला सगळं सांगितलं. मैनेला लागलेलं नाही, ती मोठी होते आहे. कुत्र्यांचं वर्षातून एकदोनदा असतं, आपलं बायकांचं महिन्याच्या महिन्याला. दोन्ही अगदी सारखं नाही, पण घाबरण्यासारखं दोन्हीत काही नाही. बोलताना माझे कान तापले होते. जयू मात्र पोतं पिळत शांतपणे ऐकत होती. दुखतं का, विचारलं. मग म्हणाली, तुला कुणी सांगितलं होतं? मी म्हटलं, कुणीच नाही.

आता कुत्रीचं पुराण पुरे करते आणि लिहायचं ते लिहिते. भाऊबीज झाली आणि जयूचंही आलं. मी फोडणी घालत होते. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, माझं सुरू झालं. कापड दे." चेहऱ्यावर भीती नव्हती गं, उलट जराशी ऐटच होती. माझी फोडणी करपली.

सासूबाईंनी मात्र ह्यांना बोलावून घेतलं. आता शाळा पुरे, नाव काढून टाका, इंदूरला एक स्थळ आहे म्हणाल्या. हे आईसमोर बोलत नाहीत. जयू गेली आणि सरळ आजीच्या मांडीला टेकून बसली.

"आजी, मैनेला तू पोर म्हणत होतीस. मग मी कोण?"

सासूबाई कितीतरी वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं. चौदाव्या वर्षी त्या पहिल्यांदा बाळंत झाल्या. मूल राहिलं नाही. आपल्याला काय होतंय हेच कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे रडायचं कशासाठी तेही कळलं नाही म्हणाल्या.

डोळे पुसून ह्यांना म्हणाल्या, "श्रीधर, सोमवारी पोरीला वेळेवर शाळेत सोड." आणि स्वतः उठून शिरा केला, बदाम घालून. जयू आमच्याच पंगतीत जेवली. देवघरात तेवढं जात नाही, ते मी सासूबाईंचं ऐकते. पण बाजूला बसणं आमच्या घरातून गेलं. मैना तीन आठवडे सुखरूप काढून पुन्हा अंगणभर उधळते आहे.

अक्का, तुझी विजया आता अकराची झाली. रागावशील म्हणून दोनदा पत्र फाडलं. पण माळ्याखालच्या खोलीत तुला बसवलं होतं तो दिवस मला आठवतो. मी लहान होते, दाराबाहेरून तुला हाका मारत होते, आणि तू आतून विचारत होतीस, "अनसू, मी मरणार का गं?" तुझं दप्तर त्याच आठवड्यात माझ्याकडे आलं.

विजयाला ते विचारावं लागू नये. तिला आधीच सांग, तुझ्या तोंडून. जीभ रेटलीच नाही तर नाताळच्या सुट्टीत माझ्याकडे पाठव. तूही ये. आपण दोघी मिळून सांगू.

वयानं धाकटी, पण आज तुझ्यावर वडीलकी गाजवणारी,
अनसू